आखाजीच्या आधीचे चार दिवस

चपला काढ आणि हातात घे. बोरीच्या पात्रात पाणी नावापुरतं उरलंय, पण वाळूनं दिवसभराचं ऊन अजून धरून ठेवलंय. तळव्यांना ती ऊब लागली की समज, पोचलास. १९३० सालचा एप्रिल संपत आलाय. अवस तोंडावर आहे, म्हणून चंद्राचा पत्ता नाही. आभाळ नुसतं चांदण्यांनी भरलंय. सखाराम महाराजांच्या वाडीत एक समई मिणमिणतेय. दहाबारा दिवसांनी, वैशाख शुद्ध एकादशीला, महाराजांचा रथ निघेल आणि ह्याच वाळूत जत्रेची पालं पडतील. तू तेव्हा इथं नसशील.

तू पंधरा वर्षांचा आहेस. इंग्रजी पाचवीत. अंगातला सदरा दिवाळीला ऐसपैस होता, आता काखेत उसवलाय. तुझं गाव शिंदखेड्यापासून तीन कोसांवर, म्हणजे पश्चिम खानदेश जिल्ह्यात. अमळनेर पूर्व खानदेशात. नकाशात बोटभर अंतर. पण पहिल्यांदा वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन तू अमळनेर स्टेशनावर उतरलास, तेव्हा हा तुझ्यासाठी परमुलूखच होता. गिरणीचा भोंगा तू आयुष्यात पहिल्यांदा ऐकलास आणि कुठंतरी आग लागली असं समजून पळायला निघालास.

तू इथला नाहीस, हे आणखी एका अर्थानंही खरं आहे. तू जवळपास शंभर वर्षं पुढून आलायस. ह्या गावात, ह्या शाळेत, ह्या वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंटच्या आयुष्यात पुढं काय काय घडणार, ते सगळं तुझ्या डोक्यात आहे. अट एकच. ते कुणाला सांगायचं नाही. चार दिवस ह्या पोराच्या अंगात राहायचं, त्याच्यासारखं जेवायचं, झोपायचं, आणि त्याच्याबरोबर घरी जायचं.

चल. वसतिगृहाचं दार लोटून घेतलेलं असेल, कडी लावलेली नसेल.

*

पहाटे जाग येते ती पक्ष्यांनी नाही. कुणीतरी तुझ्या पायावरचं पांघरूण सारखं करतंय. डोळे किलकिले करून पाहतोस. पांढरं धोतर, बारीक अंगकाठी, वाकलेली पाठ. सर. साने सर. तीस वर्षांचा माणूस, पण ह्या वेळी, ह्या अंधारात, त्यांच्या हालचाली घरातल्या बाईमाणसासारख्या आहेत. आवाज न करता वावरायची सवय असलेल्या. शेजारच्या पोराची उघडी पडलेली ट्रंक ते मिटवतात. कोपऱ्यात गोळा होऊन पडलेला कुणाचातरी मळका सदरा उचलून खांद्यावर टाकतात. तो दुपारी धुतलेला, दोरीवर वाळत घातलेला सापडेल. कुणी धुतला हे कुणी विचारणार नाही. पहिल्या महिन्यात विचारायचे, लाजायचे. मग लाजून लाजून पोरं स्वतःच धुवायला लागली.

आता नीट बघ, कारण ही गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. ओट्यावर सात-आठ कंदील ओळीनं मांडलेत. सर उकिडवे बसतात. कंदिलाची तार वर ओढून काच काढतात. रात्रभराच्या काजळीनं ती गळ्यापाशी काळी झालीय. चुलीतली राख त्यांनी आधीच चाळून ठेवलीय, नाहीतर खड्यानं काचेवर चरे पडतात. कोरडी राख, मऊ फडकं. फडकं काचेत घालून दोन बोटांनी फिरवायचं. घाई केली की काच हातात फुटते, आणि काच फुटली की एका खोलीचा अभ्यास बुडतो. मग तोंडाजवळ धरून आत वाफ सोडायची, पुन्हा पुसायची. शेवटी काच उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटून. उजेड अजून फटफटीत नाही, पूर्वेकडे फक्त राखाडी पट्टा. तरी ते धरतात. काचेतून पाहतात. आणि समाधान झालं की खाली ठेवतात, दुसरी घेतात.

ही कामं नोकराची. सुपरिंटेंडेंटची नव्हेत. एम. ए. झालेल्या माणसाची तर नव्हेतच. पण इथं कोण कुणाचं काम करतंय ह्याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्याशी करायचा असतो.

भिंतीवर रोजच्यासारखा कागद लागलाय. अक्षर वळणदार, शाई ताजी. हे ‘छात्रालय’, वसतिगृहाचं दैनिक. छापलेलं नाही, हातानं लिहिलेलं. तुम्ही सगळे झोपलेले असताना सर लिहितात आणि सकाळी लावतात. त्यात काय असतं? जगातल्या बातम्या असतात, थोरामोठ्यांच्या गोष्टी असतात, आणि काल जेवणघरात किती भाकरी पानात टाकून दिल्या गेल्या तेही असतं. नाव कुणाचंच नसतं. ज्यानं टाकली त्याचे कान मात्र वाचता वाचता तापतात.

आज तू तो कागद वाचत नाहीस. फक्त अक्षराकडे बघत उभा राहतोस. असे आणखी किती कागद लागतील हे तुला ठाऊक आहे.

*

परमुलखात आल्यावर पहिली अडचण भाषेची. मग ते अमळनेर असो की अमेरिका.

पहिल्या वर्षी तू वर्गात मोठ्यानं वाचायला उभा राहिलास आणि ‘डोळे’ वाचायच्या जागी ‘डोया’ वाचलास. अहिराणीत ळ नाही, त्याचा य होतो. ण नाही, न होतो. तुझ्या आईच्या तोंडात नाही, तिच्या आईच्या तोंडात नव्हता. वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती अमळनेरचीच पोरं, जी घरी जाऊन आईशी डोयाच म्हणतात. त्यांनी शाळेच्या दारात आपली बोली चपलेसारखी काढून ठेवायला शिकून घेतलं होतं. तुला ते अजून यायचं होतं. पुस्तकातली मराठी तुला पाहुण्याच्या घरातल्या पाटासारखी वाटायची. बसायचं, पण पाय कुठं ठेवावेत कळायचं नाही.

आणि मग तुझ्या लक्षात आलं की सरांचीही भाषा इथली नाही. ते दापोली तालुक्यातल्या पालगडचे. शब्दांची टोकं नाकात जातात, वाक्याच्या शेवटी हेल वर चढतो. इथला उन्हाळा त्यांना सोसत नाही, हे तुला त्यांच्या कपाळावरून दिसायचं. खानदेशात त्यांना त्यांचं असं कुणी नव्हतं. १९२३ मध्ये ते अमळनेरला आले ते शाळेसाठी नव्हे, तत्त्वज्ञान मंदिरासाठी. गिरणीमालक प्रतापशेठांनी १९१६ मध्ये उभी केलेली ती संस्था. एका गिरणीच्या गावात, कापसाच्या गाड्यांच्या धुरळ्यात, वेदान्ताचा अभ्यास करायला देशभरातून माणसं येत. सिंधचे मलकानी तिथंच आहेत. बंगालच्या कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ ह्याच १९३० साली तिथून प्रकाशित होतंय. आत्मा म्हणजे काय आणि स्वातंत्र्य म्हणजे काय ह्याची चर्चा तिथं इंग्रजीत चालते. सरांनी वर्षभर ती ऐकली आणि १९२४च्या जूनमध्ये ते शाळेत मास्तर झाले. जी शाळा तुझ्या काळात सगळे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखतात, तीच.

मला नेहमी वाटतं, तत्त्वज्ञान त्यांनी सोडलं नाही. त्यांनी ते ओट्यावर आणून ठेवलं, कंदिलांशेजारी.

तर दोघंही परके, तू आणि सर. आणि परक्यांची देवाणघेवाण आपोआप सुरू होते. रात्री जेवणं झाली की मुलं अंगणात सतरंज्या टाकतात आणि सर कोकणातलं सांगतात. पोफळी किती उंच असते. पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य कसा दिसत नाही. हर्णैच्या बंदरातून पडावातून आगबोटीवर कसं जायचं. तू आयुष्यात सगळ्यांत जास्त पाणी पाहिलंस ते मुडावदला, तापी-पांझरेच्या संगमावर, कपिलेश्वराच्या यात्रेत. पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी असतं, हे तुझ्या मनाला पटत नाही. भरती, ओहोटी हे शब्द तू पाठ केलेस, पण पाणी स्वतःहून पुढं येतं आणि स्वतःहून मागं जातं, हे कसं?

आणि तू त्यांना काय दिलंस? कळण्याची भाकरी कशाची असते ते सांगितलंस. बिबड्या कशा घालतात, उन्हात त्या राखत बसलेल्या पोरांनी ओल्याच कशा खायच्या, ते सांगितलंस. आखाजीला झोक्यावर बायका काय गातात तेही सांगितलंस. माजघरातल्या बायकांच्या ओव्यांना ह्या माणसाच्या मनात केवढी जागा आहे, ते तुला तुझ्या काळामुळे माहीत आहे. पुढं त्यांनी त्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केलं. पंधरा वर्षांच्या पोराला मात्र एवढंच कळतं की आपल्या आईचं गाणं ऐकताना एक एम. ए. झालेला माणूस मान खाली घालून बसला होता आणि त्याचे डोळे भरले होते. डोया.

*

दुसरा दिवस. तिसरा दिवस. वार्षिक परीक्षा आटोपलीय. शाळेत शेवटच्या दिवसांची ती रिकामी गडबड सुरू आहे. बाकांवरची शाई कुणी खरवडतंय, नकाशे गुंडाळले जातायत, वर्गाबाहेरच्या निंबाची फुलं वाऱ्यानं खिडकीतून आत येऊन वह्यांवर पडतायत. दुपारी लू सुटली की सगळं गाव दारं लावून घेतं. सहामाहीत ज्याच्याशी भांडण झालं होतं तो तुला आपली बोरूची लेखणी देतो. तू घेतोस. दोघंही काही बोलत नाही.

आखाजी परवा-तेरवावर आलीय. अक्षय्य तृतीया म्हणतात पुस्तकात. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पितरांसाठी मातीची नवी घागर पाण्यानं भरून तिच्यावर खरबूज ठेवतात. सांजोऱ्या, आमरस, पुरणपोळी. वसतिगृहातली निम्मी पोरं आताच मनानं घरी पोचलीत.

पण आखाजीला आणखीही एक गोष्ट होते. सालदार त्याच दिवशी ठरतात. वर्षाचं धान्य किती, पैसे किती, कपडे किती, पायताण कुणी द्यायचं, सगळं ठरतं आणि माणूस एका वर्षासाठी दुसऱ्याच्या शेतात जातो. गेल्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. तुझ्या बापाला न्यूयॉर्क कुठं आहे ते माहीत नाही, पण कापसाचा भाव का पडला असं तो सावकाराला विचारतो आणि सावकार हात वर करतो. फाल्गुनात आलेल्या पत्रात, जे गावच्या तलाठ्यानं लिहून दिलं होतं, शेवटी एक ओळ होती. औंदा आपला सालदार ठेवणं जमणार नाही, तू आखाजीला ये, मग बोलू.

तुला त्या ओळीचा अर्थ पत्र हातात घेतल्या घेतल्या कळला होता. सालदार ठेवायचा नाही म्हणजे नांगर कुणीतरी धरायचा. तू तो कागद ट्रंकेच्या तळाशी, गणिताच्या वहीखाली ठेवलास. सरांना सांगितलं नाहीस. त्यांना सांगितलं की ते आपल्या पगारातून फी भरतील, हे सगळ्या वसतिगृहाला माहीत आहे, आणि म्हणूनच सांगवत नाही.

म्हणजे हे तुझे शाळेतले शेवटचे दिवस आहेत. आणि जे तुला ठाऊक आहे पण ह्या पोराला नाही, ते असं की सरांचेही आहेत. दोघं एकाच अंगणात बसलेत, दोघांनी एकच गोष्ट मनात ठेवलीय, आणि मध्ये कंदील जळतोय.

*

जेवणघरात जा. पाट मांडलेत. भाकरी, तिखटजाळ आमटी, कांदा, आणि ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर खडेमीठ. त्या मिठाकडे आज सगळ्यांचं लक्ष आहे. तीन आठवडे झाले, जेवताना दुसरं बोलणंच नाही.

१२ मार्चला गांधीजी साबरमतीहून चालत निघाले. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचललं. त्यानंतर रोज काहीतरी येतंय. १४ तारखेला जवाहरलाल पकडले गेले. २३ला पेशावरात गोळीबार झाला. वर्तमानपत्र आलं की एकजण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे घास हातात धरून ऐकतात.

मिठावर कर मणाला सव्वा रुपया. तुला आधी ते फार वाटलं नव्हतं. मग तू हिशेब केलास. तुझ्या घरी आमटी रोज नसते. भाकरी, मिरची आणि मीठ हे मात्र रोज असतं. शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त लागतं. बैलालाही लागतं. श्रीमंताच्या पानात पाच पदार्थ, त्यात मिठाचा भाग एवढासा. गरिबाच्या पानात मीठ हाच पदार्थ. म्हणजे जो कमी कमावतो तो ह्या कराचा वाटा मोठा उचलतो. गांधीजींनी सगळे कायदे सोडून मिठाचाच का धरला, हे तुला शाळेतल्या धड्यानं नव्हे, तुझ्या स्वतःच्या ताटानं शिकवलं.

आणि एक गोष्ट तुझ्या मनात सारखी येते. अमळनेर स्टेशनावरून जी गाडी तुला घरी नेते, ती ताप्ती व्हॅली रेल्वे, तुझं गाव मागं टाकून पुढं सुरतेला जाते. सुरतेपासून थोडं दक्षिणेला नवसारी, तिथून दांडी. म्हणजे ज्या रुळांवर तू दर सुट्टीत उभा राहून पैसा चपटा करायचास, त्यांचं दुसरं टोक त्या समुद्राच्या अंगाला आहे. कोकणातला समुद्र आणि हा समुद्र एकच का, असं तुला सरांना विचारायचं होतं. विचारायचं राहून गेलं.

त्या रात्री बातमी फुटते. कुणी आधी सांगितली ते कळत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दबक्या आवाजात. सर नोकरी सोडताहेत. सर चळवळीत जाणार. मोठी मुलं गप्प होतात. एक लहान पोरगा उगीचच आपली ट्रंक उघडतो आणि मिटतो, उघडतो आणि मिटतो.

ते त्या रात्री काय बोलले ते मी लिहिणार नाही. त्यांच्या तोंडी माझं वाक्य घालायचं नाही असं मी ठरवलंय. ज्या माणसानं आपलं मन स्वतःच्या हातानं हजारो पानांवर लिहून ठेवलंय, त्याला उसन्या वाक्याची गरज नाही. तू फक्त बघ. ते एकेका खोलीत जातात. कंदिलाची वात खाली करतात. ज्याला ताप होता त्याच्या कपाळावर हात ठेवतात. तुझ्या अंथरुणापाशी येतात तेव्हा तू झोपेचं सोंग घेतोस, कारण डोळे उघडले तर तू बोलशील. आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं फार आहे. फी भरू नका सर, मी परत येणार नाहीये, हे आहे. आणि दुसरं, जे ह्या पोराचं नाही, तुझं आहे, जे घशाशी येऊन अडकलंय, तेही.

पायावरचं पांघरूण सारखं होतं. पावलं पुढं जातात.

*

सकाळी भिंतीवर कागद आहे. तू तो वाचतोस. सगळा. काय लिहिलंय ते तुझ्यापाशीच राहू दे.

स्टेशनाकडे जाताना तुझा जोडीदार ट्रंकेची एक कडी धरतो, दुसरी तू. दोघांच्या चालीचा मेळ बसत नाही, ट्रंक गुडघ्यावर आपटते. फलाटावर पोचल्यावर तो एकदम अहिराणीत विचारतो, वर्षभर पुस्तकी मराठी बोलल्यानंतर, “तू परत येशी ना रे?” तू मान हलवतोस. हो की नाही, ते त्यानं ठरवावं.

गाडी सुटते. लाकडी बाकावर शेजारी एक सासुरवाशीण आहे, मांडीवर तान्हं, पायाशी सांजोऱ्यांच्या रव्याची पिशवी. आखाजीला माहेरी निघालीय. खिडकीतून पांझरेचा पूल येतो. खाली वाळूत एक बाई झिऱ्यातून वाटीनं पाणी भरतेय. बेटावद. नरडाणा. काळी, उलून ठेवलेली, भेगाळलेली शेतं.

आता गाडीत कुणी तुला ओळखत नाही, तेव्हा इथं, मनातल्या मनात, तू ते उघडू शकतोस.

मे महिन्यात सर अमळनेरातच पकडले जातील. धुळ्याचा तुरुंग, आणि पुढं त्रिचनापल्ली. कोकणातून खानदेशात आलेला माणूस आता खरोखरीच्या परमुलखात जाईल, आणि तिथं तो मास्तर नसेल, विद्यार्थी असेल. शेजारच्या बराकीतले तमिळ बोलणारे, बंगाली जाणणारे कैदी त्याचे वर्गबंधू. तो तमिळ शिकेल. तिरुक्कुरल वाचेल आणि पुढं मराठीत आणेल. ‘डोळे’ म्हणताना अडखळणारं पोर त्यानं पाहिलंय. आता तो स्वतः नव्या अक्षरांपाशी अडखळेल. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलतील, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, आणि ते शब्द धावत्या लेखणीनं टिपून घेणारा हात हाच असेल, कंदिलाची काच न फोडणारा. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ बहुतेक लिहून होईल. त्या पुस्तकात गोष्टी रात्रीच्या आहेत, बेचाळीस रात्रींच्या, जेवणं झाल्यावर ऐकायला जमलेल्यांना सांगितलेल्या. ज्यांनी अंगणातल्या सतरंज्या पाहिल्यात, त्यांना ती मांडणी ओळखीची वाटेल. ‘धडपडणारी मुले’ वाचताना तर वसतिगृहाचा वासही येईल.

आणि आयुष्याच्या शेवटी शेवटी ते एक स्वप्न मांडतील. आंतरभारती. एका प्रांताच्या मुलानं दुसऱ्या प्रांतात जावं, तिथल्या घरात राहावं, तिथली भाषा शिकावी, तिथल्या आईच्या हातचं खावं, आणि आपलं तिथं ठेवून यावं. साधारण त्याच वर्षांत, १९४७ मध्ये, अमेरिकेत दोन महायुद्धांत जखमींच्या गाड्या हाकलेल्या स्वयंसेवकांनी शाळकरी मुलांना वर्षभर परदेशी घरात ठेवायची योजना सुरू केली. युद्धानं त्यांना जे शिकवलं, ते ह्या माणसाला त्रिचनापल्लीच्या बराकीनं शिकवलं होतं. लोक म्हणतात, आंतरभारतीचं बीज त्या तुरुंगात पडलं. मला विचारशील तर, ते त्याही आधीचं आहे. ते अमळनेरच्या ओट्यावर पडलं. ज्यानं परक्या पोराची मळकी अंगी धुतली आणि त्या पोराच्या आईचं गाणं तिच्याच बोलीत ऐकून घेतलं, त्याला देवाणघेवाण म्हणजे काय हे तुरुंगात नव्यानं कळायचं नव्हतं.

११ जून १९५०. ह्या तारखेपाशी आलास की थांब. ह्या पोराला ती देऊ नकोस. त्याला अजून वीस वर्षं आहेत.

शिंदखेडा आलं.

*

बापानं बैलगाडी आणलीय. तीन कोस दोघंही शेताबद्दल बोलता, पत्राबद्दल नाही. घरी पोचेपर्यंत दिवेलागण होते. निंबाला झोका आधीच बांधलाय. मोठी बहीण माहेरी आलीय, धाकटी तिच्याभोवती नाचतेय. आई चुलीपासून उठत नाही, हात पिठात आहेत. नुसती मान वळवते. “उना का रे भाऊ?”

एवढ्या चार शब्दांत तुझ्या अंगावरची शाळा गळून पडते. अनोळखी घरातला तो पाट, त्याच्यावर अवघडून बसलेले पाय, सगळं.

जेवणं होतात. बाप अंगणात बाज टाकतो आणि शेजारच्या आप्पाशी बोलत बसतो. बैलांचं, बियाण्याचं. तुझं नाव मध्ये एकदा येतं, मग आवाज खाली जातो. ते उद्या ठरेल, आखाजीला. तू उठतोस. ओसरीतला कंदील काजळलाय, त्याची तार वर ओढतोस, काच काढतोस, चुलीतली राख घेतोस. चाळून घेतोस. आई बघत राहते. तिच्या घरात पोरांनी हे कधी केलेलं नाही. ती काही म्हणत नाही, फडकं मात्र मऊसं शोधून देते.

उजेड वाढतो तशी धाकटी जवळ येऊन बसते. काय शिकवलं, म्हणते. तू तिला समुद्र सांगायला लागतोस. अहिराणीत. मध्येच अडतोस, कारण आपल्या बोलीत भरतीला शब्द नाही, मग सरांचाच शब्द घालतोस, त्यांच्याच हेलात. पाणी येतं आणि जातं. कुणी आणत नाही, कुणी नेत नाही. पलीकडचा काठ दिसत नाही.

“तापीपेक्षा मोठा शे का?”

तू हो म्हणतोस.

“तू देखा का?”

“मी नही. आम्हना सरस्नी देखा.”

तिला ते पुरेसं वाटतं. ती विचार करत बसते. मग आईच्या ताटात उरलेला मिठाचा एक खडा उचलते, अजून गरम असलेल्या कंदिलासमोर धरते, आणि एक डोळा मिटून त्यातून पलीकडं बघते.